वरीलप्रमाणे

ही खिडकी आता तुझी, मार्लिस.
काच पूर्ण वर सरकत नाही, हिवाळ्यात तर मुळीच नाही;
खालच्या फटीतून बोलावं लागतं,
म्हणून माणसं आपसूक वाकतात.
मला ते कधी आवडलं नाही. दुरुस्तीचा अर्ज देऊन ठेवलाय,
अकरा वर्षं झाली.

फी बारा डॉलर. चेक नको. ओळखपत्र बघ,
आणि ‘मयताशी नातं’ हा रकाना
त्यांचा त्यांना भरू दे. तिथे घाई करू नकोस.
एक जण ‘शेजारी’ लिहून अर्धा तास बसून होता,
मग त्याने ते खोडलं, आणि दुसरं काही लिहिलं नाही.
नियमाने मी त्याला परत पाठवायला हवं होतं.

१९१३ च्या आधीचं कुणी मागितलं तर सांग, नदीला विचारा.
त्या वह्या सगळ्यात खालच्या फळीवर होत्या.
तळघरात पाणी शिरलं तेव्हा मी तुझ्याएवढी, नवी;
ओली पानं शाळेच्या जिममध्ये दोऱ्यांवर वाळत घातली
कपड्यांच्या चिमट्यांनी.
वाचली त्यांच्या कोपऱ्यांवर चिमट्यांचे दात अजून आहेत.

नाव सापडत नसेल तर ते मोठ्याने वाच.
लिहिणाऱ्याने कानाने लिहिलंय.
खाणीत आलेली माणसं समुद्रापलीकडची;
हुदाकचा हॉडॉक झाला, दुरुस्त कुणी केलं नाही,
कारण ज्याने करायचं तोच तर मेला होता.
तरीही नाही सापडलं, तर नाव सोड, तारीख धर.

मार्चमध्ये ओहायोहून एक बाई आली, डोलोरेस व्हार्गो.
वय ऐंशी, पाच तास एकटीने गाडी चालवत.
फटीशी वाकून म्हणाली, “मला माझे वडील हवेत.”
असंच म्हणाली. दाखला वगैरे काही नाही.
ते गेले तेव्हा ही पोटात होती.

सापडले. १९३८, डिसेंबर, पान दोनशे सहा, ओळ तिसरी.
नाव. वय सव्वीस.
धंद्याच्या रकान्यात दोन छोटे फटकारे.
ठिकाणाच्या रकान्यात दोन फटकारे.
कारणाच्या रकान्यात दोन फटकारे,
जरासे तिरके, चिमणीचा पाय उमटावा तसे.
एकच गोष्ट लिहून लिहून कारकुनाचं मनगट आलं असणार.
बसला असणार तो इथेच, याच रेडिएटरपाशी.

प्रत त्याच पानाची द्यायची, शिक्का त्याच पानावर.
मी दिला. तिने वाचलं, बोट ठेवलं: “हे काय?”
“वरीलप्रमाणे.”
तिने वर पाहिलं. दुसरी ओळ, तेच. पहिली ओळ, तेच.
त्याच्या वर कागद संपत होता.
मग तिने खरोखरच मान वर केली,
आणि वर आमची ट्यूबलाइट.

मी वही मागे उलटली. दोनशे पाच: वरपासून खालपर्यंत
चिमणीच चालत गेलेली.
दोनशे चार, खालून पाचवी ओळ,
तिथे एकदाच, ठळक शाईत, पूर्ण अक्षरांत लिहिलंय:
क्रमांक चारची खाण, स्फोट, भाजून व वायूने.
एल्मर स्टिडॅम, वय चौतीस, यांच्या नावापुढे.
ते नाव मला पाठ होतं. ते असो.

तिने ती ओळ ओठ हलवत वाचली,
मग तिसऱ्या ओळीपाशी येऊन पुन्हा तेच शब्द,
या खेपेला वडिलांचं नाव लावून.

तर लक्षात ठेव, डिसेंबर अडतीस कुणी मागितलं
तर दोन पानं मागे जायचं.
त्या पानावर शिक्का मारता येत नाही आपल्याला,
पैसेही घ्यायचे नाहीत. नुसतं मागे जोडून दे,
पिन डाव्या कोपऱ्यात.
आणि शाईचा पॅड उन्हाळ्यात पाझरतो,
शिक्का हलक्या हाताने ठेव.